आपोआप जाणारा मेसेज बदलताना



आपल्या बऱ्याच गटांच्या फोनवर आता व्हॉट्सॲप बिझनेस आहे. गिऱ्हाइकानं नुसतं 'नमस्कार' लिहिलं की आपण भाकरी थापत असलो तरी उत्तर जातं. त्यात गटाचं नाव, मालाची यादी, भाव आणि पैसे कुठं पाठवायचे ते सगळं असतं. काही गटांनी फेसबुकवर दिवसाला शंभर-दोनशे रुपयांची जाहिरातही लावली आहे. एकदा लावलं की हे आपलं आपण चालतं, हाच त्याचा मोठा फायदा. पण बैठकीत हल्ली प्रश्न वेगळा येतो. "ताई, लावायचं कसं ते तुम्ही दाखवलं. आता तेल महागलंय, भाव बदलायचाय. चालू असताना हात लावला तर बिघडणार नाही ना?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. नवीन मेसेज लावणं सोपं असतं, कारण तो अजून कुणी वाचलेला नसतो. चालू मेसेज मात्र कुणीतरी वाचलेला असतो, त्यावर भरवसा ठेवून ऑर्डरही दिलेली असते. म्हणून चालू गोष्ट बदलण्याची एक पद्धत असावी लागते. तीच या लेखात सांगते.

सेटिंग बदललं, गेलेला मेसेज बदलत नाही

समजा, एका गटाची भाजणीची चकली ४०० रुपये किलो आहे. दिवाळीच्या तोंडावर खर्च वाढला, म्हणून बैठकीत ४४० चा ठराव झाला. सचिवताईंनी रात्री फोन घेतला, स्वागताच्या मेसेजमध्ये ४०० खोडून ४४० केलं आणि काम झालं म्हणून झोपल्या.

आता बघा काय काय राहिलं. काल ज्यांनी चौकशी केली त्यांच्या फोनवर ४०० चाच मेसेज आहे. तो आपोआप बदलत नाही. कॅटलॉगमध्ये चकलीच्या फोटोखाली ४०० आहे. फेसबुकच्या चित्रावर मोठ्या अक्षरात ४०० आहे. कुणीतरी कोल्हापुरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर आपला जुना मेसेज पुढं पाठवलाय, तिथंही ४०० आहे. म्हणजे एकाच चकलीचे दोन भाव बाजारात फिरतायत आणि दोन्ही गटाच्याच नावावर.

व्हॉट्सॲपवर हातानं पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. साधारण दोन दिवसांपर्यंत तो सगळ्यांसाठी पुसताही येतो. पण समोरच्यानं तो वाचला असेल, स्क्रीनशॉट काढला असेल किंवा पुढं पाठवला असेल, तर ती प्रत तशीच राहते.

म्हणून भाव बदलण्याआधी पहिला प्रश्न हा विचारायचा, की जुना भाव कुणाकुणाला सांगून झालाय? गेल्या आठ-दहा दिवसांतल्या चॅट उघडा आणि वहीत नावं लिहा. समजा नऊ गिऱ्हाइकं निघाली आणि त्यांची मागणी मिळून १४ किलो आहे. किलोमागं ४० प्रमाणे फरक ५६० रुपयांचा झाला. हा आकडा समोर आला की बैठकीत निर्णय घेणं सोपं जातं. या नऊ जणांना अमुक तारखेपर्यंत जुन्याच भावानं द्यायचं आणि बाकी सगळ्यांना नव्या भावानं. तसा मेसेज त्या नऊ जणांना हातानं पाठवायचा. ज्यांचे पैसे येऊन पडलेत त्यांच्याकडं वरचे ४० रुपये मागायचेच नाहीत.

कायद्याचंही थोडं लक्षात ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल तरतूद आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये जाहिरातींचे नियमही काढले. कमी भाव दाखवून गिऱ्हाईक ओढायचं आणि त्या भावानं माल द्यायची तयारीच नाही, ही आमिषाची जाहिरात झाली. आपल्या मनात तसं काही नसतं. पण बंद करायची राहून गेलेली जुनी जाहिरात गिऱ्हाइकाला तशीच दिसते.

आधी यादी करा

आपला मजकूर कुठं कुठं चालू आहे, हे बहुतेक गटांना एका दमात सांगता येत नाही. एका ताईंनी स्वागताचा मेसेज लावलेला असतो, दुसरीच्या मुलानं जाहिरात टाकलेली असते. बसून ही यादी एकदाच करा.

१. स्वागताचा मेसेज. गिऱ्हाईक पहिल्यांदा मेसेज करतं तेव्हा हा जातो. १४ दिवस काहीच बोलणं नसलं आणि मग त्यानं मेसेज केला, तरी पुन्हा जातो.
२. बाहेर असतानाचा मेसेज. रात्री किंवा सुट्टीच्या वेळी जाणारा. याची वेळ आपण ठरवलेली असते.
३. झटपट उत्तरं. 'भाव', 'पत्ता', 'घटक' अशी साठवून ठेवलेली.
४. कॅटलॉग.
५. प्रसारण यादी. एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो.
६. फेसबुक, इन्स्टाग्रामची चालू जाहिरात.
७. छापील गोष्टी, म्हणजे पाकिटावरचं लेबल, पत्रक, दुकानातला क्यूआर कोड.

पहिल्या क्रमांकाची १४ दिवसांची गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात कुणीतरी आपला मसाला नेलेला असतो आणि दोन-तीन महिन्यांनी मसाला संपला की ते मेसेज करतात. त्या जुन्या गिऱ्हाइकाला स्वागताचा मेसेज परत जातो. जानेवारीत त्यात 'दिवाळीच्या ऑर्डर सुरू' असं असेल, तर हा गट चालू आहे की बंद पडलाय, असा प्रश्न त्यांना पडणारच.

वरचं तोंड आधी अडवा

शेतात पाट फुटला तर आपण फुटलेल्या जागी माती टाकत बसत नाही. आधी वर जाऊन पाणी अडवतो, मग पाट बांधतो, मग पाणी सोडतो. इथंही क्रम तोच ठेवायचा.

गिऱ्हाईक येतं कसं? जाहिरात बघतं, मेसेज करतं, स्वागताचा मेसेज वाचतं, कॅटलॉग बघतं, पैसे पाठवतं. म्हणजे जाहिरात हे वरचं तोंड झालं. बदल करायचा असेल तेव्हा जाहिरात आधी थांबवा. मग शेवटाकडून सुरुवात करा: पैसे घेण्याची जागा बरोबर आहे का बघा, मग कॅटलॉग, मग झटपट उत्तरं, मग स्वागताचा मेसेज. सगळीकडं एकच भाव दिसायला लागला की जाहिरात पुन्हा सुरू करा. कॅटलॉगमध्ये केलेला बदल दिसायला कधी थोडा वेळ लागतो, तेव्हा दुसऱ्या फोनवरून बघून मगच पुढं जा.

जाहिरात थांबवताना 'पॉज' करा, 'डिलीट' करू नका. थांबवलेली जाहिरात परत चालू करता येते, पुसलेली करता येत नाही.

आणि बदलण्याआधी जुन्या मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या. नवा मजकूर गिऱ्हाइकाला कळेना, ऑर्डर कमी झाल्या, तर परत जाण्यासाठी जुना हाताशी पाहिजे.

एका वेळी एकच बदल

गुऱ्हाळावर गुळव्या कसं काम करतो ते आपण लहानपणापासून बघतोय. काहिलीत रस उकळत असताना तो सगळं एकदम ओतत नाही. भेंडीचं पाणी टाकतो, मळी वर आली की काढतो, रंग बघतो. शेवटी थोडा पाक थंड पाण्यात टाकून गोळी होते का पाहतो, मगच काहील उतरवायला सांगतो. सगळं एकदम टाकलं आणि गूळ बिघडला, तर कशानं बिघडला हे कळणार कसं?

मेसेजचंही तसंच. भाव, फोटो, मजकूर आणि जाहिरातीचं गाव एकाच दिवशी बदललं आणि चौकशा निम्म्यावर आल्या, तर कारण सापडत नाही. आज भाव बदला. चार-पाच दिवस किती चौकशा आल्या, किती ऑर्डर झाल्या हे वहीत मांडा. मग फोटोकडं बघा.

याला एक अपवाद आहे. चुकीची माहिती जात असेल, जसं की चुकीचा नंबर, नसलेला माल, चुकीचे घटक, तर वाट बघायची नाही. सगळीकडून त्याच दिवशी काढायचं.

फेसबुकची जाहिरात वेगळी का?

फेसबुकवर जाहिरात लावली की पहिले काही दिवस कंपनीची यंत्रणा शिकत असते. कुणाला दाखवली तर तो मेसेज करतो, कोणत्या वेळी दाखवावी, हे ती आजमावून बघते. आठवड्याभरात साधारण ५० जणांनी अपेक्षित कृती केली, म्हणजे आपल्या बाबतीत मेसेज पाठवला, की हे शिकणं स्थिरावतं, असं कंपनी सांगते.

आता यात चित्र बदललं, मजकूर बदलला, कोणत्या गावात किंवा वयाला दाखवायची ते बदललं, तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सात दिवस किंवा त्याहून जास्त थांबवून परत सुरू केली तरी तेच होतं. रोजची रक्कम थोडी वाढवली तर फारसा फरक पडत नाही, पण १०० ची एकदम ५०० केली तर पडू शकतो.

म्हणजे सोमवारी जाहिरात लावली, मंगळवारी कुणी विचारलं नाही म्हणून चित्र बदललं, बुधवारी वय बदललं, तर आठवड्याचे पैसे नुसते शिकवण्यातच जातात. निदान आठवडाभर हात लावू नका. थांबवायचीच असेल तर वर सांगितल्याप्रमाणे एक-दोन दिवसांतच बदल उरकून परत सुरू करा.

आणखी दोन गोष्टी. बदललेली जाहिरात पुन्हा तपासणीला जाते. बहुतेक वेळा २४ तासांत मंजुरी येते, पण कधी जास्तही लागतो. म्हणून वसुबारसेच्या आदल्या दिवशी चालू जाहिरातीचं चित्र बदलायला जाऊ नका. ऐन विक्रीच्या दिवशी ती अडकून पडायची. दुसरं म्हणजे, रोजची रक्कम २०० ठेवली तरी एखाद्या दिवशी त्याहून जास्त कापले जातात. आठवड्याचा हिशेब मात्र सात दिवसांच्या रकमेत बसतो. म्हणून खर्च रोजचा न बघता आठवड्याचा बघा आणि शेवटची तारीख घातल्याशिवाय जाहिरात सोडू नका.

यावर माझा आग्रह असा, की भाव चित्रात छापूच नका. चित्रात माल, गटाचं नाव आणि गाव एवढंच ठेवा. भाव कॅटलॉगमध्ये एकाच ठिकाणी लिहा आणि स्वागताच्या मेसेजमध्ये 'आजचा भाव कॅटलॉगमध्ये बघा' असं लिहा. भाव मेसेजमध्ये द्यायचाच असेल तर 'हा भाव अमुक तारखेपर्यंत' हे सोबत लिहा. मग पुढच्या वेळी बदलायला एकच जागा उरते आणि जुना मेसेज कुठं फिरत असला तरी त्याची मुदत त्याच्यावरच लिहिलेली असते.

घटक बदलले तर

भाव चुकला तर पैशाचं नुकसान होतं. घटक चुकला तर माणूस आजारी पडू शकतो. 'घटक' हे झटपट उत्तर एकदा साठवलं की वर्षभर कुणी उघडून बघत नाही. मधल्या काळात चटणीत शेंगदाण्याचा कूट घालायला लागलेलो असतो, लाडवात गुळाबरोबर थोडी साखर आलेली असते, शेंगतेलाऐवजी दुसरं तेल वापरात असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला 'शेंगदाणा नाही' असं उत्तर गेलं, तर श्वास अडकण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मधुमेह असलेलं माणूस 'साखर नाही' वाचून लाडू खातं.

म्हणून ठरवून टाका. पाककृतीत एक जरी जिन्नस बदलला तर पाकिटावरचं लेबल आणि मोबाईलमधलं उत्तर दोन्ही त्याच दिवशी बदलायचं. नव्या घाण्याचा माल बाहेर जाण्याआधी. लेबलवरच्या १४ आकडी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांकाचंही तेच. मेसेजमध्ये लिहिला असेल तर लेबलशी ताडून बघा.

पैशाची जागा

गटात पदाधिकारी बदलतात. नवीन अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष निवडल्या की आपण बँकेत जाऊन सह्या बदलतो. पण फोनमधला क्यूआर कोड बदलायचं लक्षात राहत नाही. सुरुवातीला सोयीसाठी कुणाचा तरी स्वतःचा क्यूआर लावलेला असेल, तर पद गेल्यावरही गिऱ्हाइकांचे पैसे त्यांच्याच खात्यात पडत राहतात. त्या ताईंची काही चूक नसते, पण हिशेब जुळत नाही, कुजबूज सुरू होते आणि गट फुटायला एवढं पुरतं. क्यूआर गटाच्या खात्याचाच हवा. खातं बदललं तर बदलण्याच्या यादीत पहिलं नाव क्यूआरचं.

फोन ज्यांच्या हातात जाईल त्यांनी जोडलेली उपकरणं तपासून जुनी काढून टाकावीत. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन बदलावा. सिमकार्ड गटाच्या मालकीचं ठेवावं. जाहिरात चालू असलेल्या पानांवर 'तुमचं पान बंद होणार आहे, या लिंकवर जाऊन दुरुस्ती करा' असे खोटे मेसेज फार येतात. लिंक उघडू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी.

बदलल्यावर तपासा

बदल केला त्या ताईंनी स्वतःच तपासू नये. आपणच लिहिलेल्यातली चूक आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या सदस्यानं मोठ्यानं वाचावं: भाव, वजन, तारीख, नंबर.

मग दुसऱ्या फोनवरून मेसेज करून बघा. इथं एक गंमत होते. ज्या फोनवरून कालच मेसेज केला होता त्याच फोनवरून आज परत केला, तर स्वागताचा मेसेज येत नाही आणि बायका घाबरतात, बिघडलं म्हणून. बिघडलेलं काही नसतं. १४ दिवस झालेले नसतात, एवढंच. ज्यानं कधीच मेसेज केला नाही असा फोन घ्या, शेजारणीचा चालेल. बाहेर असतानाचा मेसेज तपासताना गटाच्या फोनचं इंटरनेट चालू आहे ना तेही बघा, नाहीतर तो जात नाही.

क्यूआर तपासायला एक रुपया पाठवा आणि तो गटाच्या खात्यात जमा झाल्याचं बघा.

प्रभागसंघानं कधी साध्या एसएमएसनं एकगठ्ठा संदेश पाठवायचे ठरवले, तर तिथं नियम आणखी कडक आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. साच्याबाहेर मजकूर बदलला तर संदेश मधेच अडवला जातो. म्हणजे तिथं घाईत एखादं वाक्य बदलून चालतच नाही, नवा साचा मंजूर करून घ्यावा लागतो.

वहीत एक पान

आपल्या पंचसूत्रीत नियमित नोंदी आहेतच. त्यातच हे एक पान वाढवा. रकाने एवढेच: तारीख, कुठं बदल केला, जुना मजकूर, नवा मजकूर, कारण, बदल कुणी केला, वाचून कुणी पाहिलं. मोठा बदल, म्हणजे भाव, क्यूआर, घटक, असेल तर इतिवृत्तात ठरावही लिहा. एकीनं घरी बसून रात्री बदललं आणि बाकीच्यांना गिऱ्हाइकाकडून कळलं, असं व्हायला नको.

खालची यादी कापून मोबाईल ठेवता त्या कपाटाला चिकटवा:

१. ठराव झाला का?
२. जुना शब्द कुणाला दिलाय त्यांची नावं लिहिली का? त्यांना काय द्यायचं ठरलं?
३. जुन्या मजकुराचा स्क्रीनशॉट घेतला का?
४. जाहिरात पॉज केली का?
५. क्यूआर, कॅटलॉग, झटपट उत्तरं, स्वागताचा मेसेज, याच क्रमानं बदललं का?
६. दुसरीनं वाचलं का? नव्या फोनवरून तपासलं का?
७. जाहिरात परत सुरू केली का? शेवटची तारीख घातली का?
८. वहीत नोंद केली का?

पहिल्यांदा याला तास-दीड तास लागेल. सवय झाली की वीस मिनिटांत होतं. पुढच्या मासिक बैठकीला गटाचा फोन चार्ज करून आणा. वरच्या सात जागांची यादी आपण तिथंच बसून करू आणि ज्या गटांचा क्यूआर अजून कुणाच्या वैयक्तिक खात्याचा आहे, त्यांचा आधी बदलू.